घसारा

"तुमची गाडी किती देते हो?" साखरशेतात मला हमखास विचारतात. माझी गाडी देत नाही, घेते! गोव्यात बनलेली सान स्टॉर्म; दोन सीटची, फायबर बॉडीची, पंचविशी उलटलेली. क्लच, रेडिएटर, विमा, पुन्हा क्लच. "त्यापेक्षा म्हैस पोसली असती," इति सौ. मी बँकेतला कारकून, घसारा जाणतो. उरलेल्या किमतीवर दरसाल १५ टक्के कापत गेलं, तरी शून्य काही येत नाही. हौसेचंही तसंच.

परवा रात्री शेजारणीला कळा सुरू झाल्या. जव्हारच्या रुग्णालयात मीच पोचवलं. सीट दोनच, म्हणून तिची आई दारात रडत राहिली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पेढा खाऊन खर्चाची वही उघडली. आजवर वाटे, माझ्या हौसेचा खर्च मीच भरतो. त्या माउलीची ती रात्र आता कुणाच्या नावे टाकू?