बंद दाराची भरपाई

मिठबावच्या किनाऱ्यावरचे एक घर डोळ्यांसमोर आणा. मागच्या पडवीला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या, दारात हापूसची चार कलमे, स्वयंपाकाला हाताखाली शेजारची बाई, मासळी ओळखीच्या होडीवरची. एप्रिल-मे हाच हंगाम, त्यावर पावसाळा काढायचा. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली आणि एक हंगाम गेला. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, दुसराही गेला. त्याच मे महिन्यात तौक्ते वादळाने देवगड-मालवणची छपरे उडवली. वादळात पडलेल्या भिंतीचा पंचनामा होतो. दोन वर्षे बंद राहिलेल्या खोलीचा पंचनामा कोण करणार?

आम्हांला छळणारा प्रश्न असा की, ही भरपाई मागणे हा हक्क आहे की याचना?

काही जण म्हणतील, धंद्यात नफा झाला तेव्हा सरकारला वाटा दिला होता का? मग तोट्यात हात का पसरता? हा आक्षेप हलका नाही. पाहुणे आवडले नाहीत म्हणून आले नाहीत, तर तो तोटा ज्याचा त्याने सोसावा. पण इथे पाहुणा यायला तयार होता, यजमान दार उघडायला तयार होता. दार बंद झाले ते सर्वांच्या जिवासाठी, आणि ते योग्यच होते. मात्र जे सर्वांच्या भल्यासाठी झाले, त्याची किंमत एकट्याच्या चुलीने का चुकवावी? शिवाय १९९७ साली सिंधुदुर्गला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केले ते शासनानेच. लोकांनी त्या शब्दावर विश्वास ठेवून खोल्या बांधल्या.

मदत झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार यांना पंधराशे रुपये जाहीर केले. खाणावळ किंवा खोल्या चालवणारे त्या यादीत नव्हते. त्यांच्यासाठी केंद्राची कर्जहमीची योजना होती. मे २०२० मध्ये ती सुरू झाली आणि ३१ मार्च २०२१ रोजी हॉटेल-पर्यटन व्यवसायासाठी वाढवली गेली. त्यात २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज शिल्लक, त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज मिळे. म्हणजे आधी कर्जदार असेल त्यालाच कर्ज! व्याज नको म्हणून ज्याने दागिने मोडून, आखातातली कमाई घालून खोल्या बांधल्या, त्याच्यासाठी त्या योजनेत जागाच नव्हती. सचोटीने राहिलेला माणूस कागदावर दिसेनासा झाला. ब्रिटनने त्या काळात कामगारांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग, महिना अडीच हजार पौंडांच्या मर्यादेत, स्वतः उचलला. आपली तिजोरी तेवढी मोठी नाही, हे मान्य. पण तोटा वाटून घेणे आणि तोट्यावर व्याज लावणे यातला फरक तिजोरीचा नाही, नियतीचा आहे.

अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या आणि जमल्यास माफ करा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला आहे आणि वाटेतला मुसाफिरही आहे. मग सरकारकडे बोट दाखवताना आपण स्वतःला एक विचारू या. टाळेबंदीत आपण रेशनची पाकिटे वाटली, ते नेकीचे काम होते. पण ज्याच्या घरी तांदूळ होता आणि विजेचे बिल थकले होते, जो रांगेत उभा राहायला लाजत होता, त्याला आपल्यापैकी किती जणांनी बिनव्याजी रक्कम दिली? आणि त्या यजमानाने तरी, हक्काची भाषा बोलताना, हाताखालच्या बाईच्या बुडालेल्या रोजाचा विचार केला का? तिचे नाव तर कुठल्याच नोंदवहीत नव्हते.

हक्क वरून खाली पाझरायला हवा. जो सरकारकडे न्याय मागतो, त्याच्याकडेही कोणीतरी मागत असते. पुढच्या वेळी दार बंद करण्याचा हुकूम निघेल तेव्हा भरपाईचा कागद त्यासोबतच निघावा, आणि तो नोंदवहीबाहेरच्या माणसापर्यंतही पोहोचावा. तो निघेपर्यंत गावागावात बिनव्याजी मदतीची एक छोटी पेटी ठेवणे आपल्या हातात आहे.