शब्द कोणाचा, भरवसा कोणाचा?



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही नेहमीप्रमाणे आवारात बोलत उभे होतो, तेव्हा एका तरुणाने गुळगुळीत कागदाचे रंगीत पत्रक आमच्या हातात ठेवले. सटाण्यातील एका मोबाइलच्या दुकानासमोर नव्या फोनचे ‘भव्य लाँचिंग’ होणार होते. पहिल्या पन्नास ग्राहकांना निम्म्या किमतीत फोन, पाहुणे म्हणून टीव्हीवरचा एक कलाकार, शिवाय केक, संगीत आणि येणाऱ्या प्रत्येकाला भेटवस्तू! आम्ही ते पत्रक वाचले, म्हणजे वरची मोठी अक्षरे वाचली, आणि त्याचा फोटो काढून आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली दोन शब्द आमच्या पदरचे जोडले, “गरजूंनी लाभ घ्यावा.”

गुरुवारी सकाळी आम्हीही कुतूहलाने गेलो. मांडव घातला होता, फुग्यांची कमान होती आणि स्पीकरचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. अकराची वेळ दिली होती. साडेबारा वाजले तरी कलाकाराचा पत्ता नव्हता, आणि शेवटपर्यंत तो आलाच नाही. मग दुकानदारानेच केक कापला. काचेच्या पेटीत फिरत्या चकतीवर फोन ठेवला होता, पण जवळ जाऊन पाहतो तर तो नुसता प्लॅस्टिकचा नमुना! पडद्याच्या जागी रंगीत कागद चिकटवलेला. “खरा माल पुढच्या आठवड्यात येईल,” असे काउंटरवरचा मुलगा म्हणाला. आणि ती निम्मी किंमत? ती फक्त त्याच कंपनीचा जुना फोन देऊन, एका ठरावीक बँकेच्या कार्डावर, हप्त्याने घेणाऱ्यांसाठी होती. आम्हाला केकचा तुकडा आणि एक कीचेन मिळाली.

इथवर ही हसून सोडून देण्याची गोष्ट आहे. असले कार्यक्रम आपण अनेक पाहिले आहेत. पण परत निघताना मांडवाच्या टोकाला आपल्यातलेच एक भाऊ आणि त्यांची अकरावीतली मुलगी दिसली. ते ताहाराबादच्या बाजूने एस.टी.ने आले होते. भाऊ डाळिंबाच्या बागेत मजुरीला जातात. त्या दिवशी त्यांनी खाडा केला होता. मुलीने धुतलेला, इस्त्री केलेला ड्रेस घातला होता आणि भाऊंच्या खिशात साठवलेले पैसे होते. ते आमच्याकडे पाहून ओशाळल्यासारखे हसले. जणू चूक त्यांच्याकडूनच झाली होती!

घरी आल्यावर ते हसणे डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवशी भाऊंना कोणी फसवले? दुकानदार म्हणेल, अटी पत्रकावर छापल्या होत्या. खरेच छापल्या होत्या. कागद उलटा करून पाहिल्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत सापडल्या. खोटे असे कोणीच काही बोलले नाही. तरी दोन माणसांचा दिवस गेला, आणि त्याहून मोठे काहीतरी गेले.

आपल्या देशात हे मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. वाचकांना ‘फ्रीडम २५१’ आठवत असेल. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्लीत मोठा समारंभ करून नोएडाच्या एका कंपनीने अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याचे जाहीर केले. निमंत्रणपत्रिकेवर तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव होते, पण ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नोंदणी सुरू होताच लोकांची इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळच थांबवावे लागले. घरपोच आणण्याचे ४० रुपये धरून २९१ रुपये भरायचे होते. आणि समारंभात पत्रकारांना दिलेले फोन? त्यांच्यावर ‘ॲडकॉम’ या दुसऱ्याच कंपनीचे नाव होते, आणि ते पांढऱ्या व्हाइटनरने झाकलेले होते! मोबाइल उद्योगाच्या संघटनेने या किमतीत असा फोन बनूच शकत नाही असे सरकारला कळवले. आगाऊ भरलेले पैसे परत करू, असे कंपनीला पुढे जाहीर करावे लागले. घरोघरी पोहोचणार म्हणून सांगितलेला तो फोन काही घरोघरी पोहोचला नाही.

इथे निवाडा सोपा आहे. ज्याने नावावर व्हाइटनर फिरवला, त्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते. त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. आमचे मन अडले ते ‘आकाश’पाशी.

‘आकाश’ टॅब्लेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते विद्यार्थ्यांना देण्यात आला. गरिबाच्या मुलाच्या हातात संगणक द्यायचा, हा त्यामागचा हेतू, आणि त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण हातात आला तो सात इंची पडद्याचा, बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा, मंद चालणारा आणि दोन-तीन तासांत बॅटरी संपणारा टॅब्लेट. नंतर हे काम मुंबईत पवईच्या आय.आय.टी.कडे आले. तिथल्या लोकांनी मन लावून खटपट केली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारलेला ‘आकाश २’ निघाला. तो पहिल्यापेक्षा निश्चितच बरा होता. तरीही कोट्यवधी मुलांच्या हाती पोहोचण्याचे जे स्वप्न दाखवले होते, ते स्वप्नच राहिले. पुढे स्वस्त फोन आले, स्वस्त इंटरनेट आले, आणि ‘आकाश’ लोकांच्या विस्मरणात गेला. इथे कोणी खोटे बोलले का? आम्हाला तसे वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की वचन देताना ते पाळण्याचे खरेच मनात असेल तर तो माणूस खोटारडा ठरत नाही, आणि परिस्थिती बदलली तर वचन न पाळल्याबद्दल त्याला क्षमाही असू शकते. हे पटते. पण ज्या मुलाने वर्षभर वाट पाहिली, त्याला या भेदाचा काय उपयोग?

उलटेही घडते म्हणा. रतन टाटांनी नॅनो गाडी १० जानेवारी २००८ रोजी दाखवली. तिचा एक लाखाचा शब्द त्यांनी कर सोडून पाळलाही. तरी ‘सर्वांत स्वस्त गाडी’ म्हणून मिरवायला लोक तयार झाले नाहीत, आणि काही वर्षांनी ती बंद पडली. शब्द पाळला म्हणजे समाधान मिळतेच, असेही नाही.

आता कोणी म्हणेल, अहो, दोष आपल्या हव्यासाचा! नव्या वस्तूमागे धावूच नये, म्हणजे निराशाही नाही. आम्हीही हे अनेकदा बोललो आहोत आणि आमच्यापुरते ते खरे आहे. आमच्या खिशात चालणारा फोन आहे. आम्ही गेलो ते मौज पाहायला. आमची निराशा केकच्या तुकड्याएवढीच होती आणि ती बसस्टँडपर्यंतही टिकली नाही. पण तोच उपदेश भाऊंना करायचा? शिक्षकांचा अभ्यास आणि सूचना फोनवर येतात, अर्ज फोनवर भरायचे असतात, निकाल फोनवर लागतो. ज्या घरात आई, बाप आणि दोन मुलांत एकच फुटक्या काचेचा फोन आहे, तिथे दुसरा हवासा वाटणे याला हव्यास म्हणायचे का? ज्याचे पोट भरलेले आहे त्याने दुसऱ्याच्या भुकेला लोभ म्हणू नये. निराशेचे वजन माणसागणिक वेगळे असते, आणि भपकेबाज कार्यक्रम करणारा ते कधी तोलून पाहत नाही.

हे सगळे लिहिताना आम्ही एक गोष्ट टाळत होतो, ती आता सांगतो. भाऊंना ते पत्रक कोणी वाटले नव्हते. त्यांच्या गावापर्यंत ते गेलेच नव्हते. त्यांच्या फोनवर ते गेले आमच्याकडून, “गरजूंनी लाभ घ्यावा” या शिफारशीसह. दुकानदाराने निदान अटी छापल्या होत्या. आम्ही पाठवलेल्या फोटोत कागदाची मागची बाजू नव्हतीच!

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात की खोटी गोष्ट खरी मानून सांगणारा माणूस लबाड नव्हे, कारण फसवण्याचा त्याचा इरादा नसतो. हे वाचून आम्हाला हायसे वाटले. पण ते तिथेच थांबत नाहीत. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे समजून चालणारा निर्दोष नसतो, असेही ते सांगून ठेवतात. सोळाशे वर्षांपूर्वी मोबाइल नव्हता, पण न वाचता पुढे पाठवणारी माणसे तेव्हाही असावीत.

पुढच्या रविवारी आम्ही भाऊंना गाठले आणि माफी मागितली. त्यांनी ती मनावरच घेतली नाही. “राहू द्या हो, दुकानवाले असेच असतात,” म्हणाले. आम्ही म्हटले, “पण भाऊ, तुम्ही तरी एवढ्या लांबून का आलात? फोन करून विचारायचे होते.” ते म्हणाले, “तुम्ही टाकलं होतं ना. मग कशाला विचारायचं?”

आम्ही त्यांच्या एस.टी.च्या भाड्याचे आणि रोजाचे पैसे पुढे केले. भाड्याचे त्यांनी घेतले, रोजाचे घेतले नाहीत. फोन अजून घेतलेला नाही. कांद्याच्या काढणीचे पैसे हाती आले की पाहू, म्हणतात.

गेल्या रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीच्या अर्जाची एक सूचना आमच्या फोनवर आली. ती आम्ही आवारात चार जणांना मोठ्याने वाचून दाखवत होतो. भाऊंची मुलगी बाजूला उभी होती. तिने जराही आगाऊपणा न करता विचारले, “काका, हे तुम्ही स्वतः विचारून आलात का?” आम्ही विचारलेले नव्हते. तसे तिला सांगितले, आणि सोमवारी तहसील कचेरीत जाऊन चौकशी करतो म्हटले. सोमवारी गेलो तर तिथले साहेब रजेवर. उद्या पुन्हा जायचे आहे, तोवर ती सूचना ग्रुपवर टाकलेली नाही.