घोड्यांचा लेप्टो आणि निष्काळजीपणाची हिंसा

लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा नावाच्या सर्पिल जिवाणूंमुळे होणारा, प्राण्यांकडून माणसालाही जडणारा रोग आहे. उंदीर, डुकरे, गुरे, कुत्रे यांच्या मूत्रपिंडांत हे जिवाणू ठाण मांडतात, लघवीवाटे बाहेर पडतात आणि डबक्यात किंवा ओल्या मातीत कित्येक आठवडे तग धरतात. ऊन आणि कोरडेपणा त्यांना मानवत नाही. डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक आवरणातून किंवा जखमेतून ते घोड्याच्या शरीरात शिरतात. बहुतेक घोड्यांत लागण कळतही नाही. काहींना ताप येतो, खाणे सुटते. लहान शिंगरांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गाभण घोडी शेवटच्या महिन्यांत गाभडू शकते. काही घोड्यांच्या डोळ्यांत महिन्यांनी, कधी वर्षांनी दाह सुरू होतो, तो पुन्हा पुन्हा उलटतो आणि दृष्टी जाऊ शकते.

जिवाणू, पाऊस आणि उंदीर हे सारे निसर्गाचेच. मग घोडा आजारी पडल्यास नैतिक दोष कोणाला लागतो, हा प्रश्न उरतो. मोकळा प्राणी पाणवठा बदलू शकतो. पागेतला घोडा समोर ठेवलेलेच पाणी पितो आणि बांधलेल्या जागीच उभा राहतो. त्याची निवड ज्याने काढून घेतली, त्याच्याकडे ती निवड नीट करण्याचे कर्तव्य येते. भारताच्या 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी उपाय करण्याची जबाबदारी टाकली आहे.

या कर्तव्याचा सर्वांत नेमका विचार जैन परंपरेत सापडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावध वृत्तीशी जोडलेली आहे. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हाच विचार टोकाला नेला: जीव मरो वा न मरो, बेसावध वागणाऱ्याला हिंसा लागते, सावधपणे वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी तेवढ्याने कर्मबंध होत नाही. हा निकष पागेला लावला की तुंबलेले गटार आणि उघडी पडलेली चंदी या केवळ गैरसोयी राहत नाहीत. एकही घोडा आजारी पडला नाही, तरी दोष घडलेलाच असतो.

यावर कर्मसिद्धान्ताच्या आधारे एक आक्षेप येतो: प्राण्याचे दुःख हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ असेल, तर इतरांनी त्यात का पडावे? पण तो सिद्धान्त दुःखाचे कारण सांगतो, पाहणाऱ्याला सूट देत नाही. पाहणाऱ्याची उपेक्षा हेही त्याचे स्वतःचे कर्मच. दुःख दिसल्यावर उपाय करण्याची परंपरा इथे जुनी आहे: इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची, औषधी वनस्पती लावण्याची आणि विहिरी खणण्याची नोंद आहे.

खरी अडचण उंदरांची आहे. घोडा वाचवण्यासाठी उंदीर मारावेत का? जैन आचारशास्त्र गृहस्थाला जाणूनबुजून केलेल्या संकल्पी हिंसेचा त्याग सांगते. घरकाम, व्यवसाय आणि संरक्षण यांत अटळपणे घडणारी हिंसा तो पूर्णपणे टाळू शकत नाही, हे ते ओळखते. त्यामुळे उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. चंदी झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवणे, सांडलेला दाणा झाडणे, बिळे बुजवणे, साचलेल्या पाण्याला वाट काढणे, डबक्यांना कुंपण घालणे, घोड्यांना गुराडुकरांपासून वेगळे ठेवणे, पिण्याचे पाणी स्वच्छ राखणे, यांपैकी कशातही कोणाला मारावे लागत नाही. अन्न आणि आडोसा तुटला की उंदीर कमी होतात. हे न करता थेट विषाकडे वळणारा माणूस उंदीर आणि घोडा या दोघांच्याही बाबतीत बेसावध ठरतो.

गाभडलेल्या घोडीला वेगळे ठेवावे लागते, कारण मृत गर्भ, वार आणि तिची लघवी यांतून जिवाणू पसरतात. तिथे हातमोजे घालून साफसफाई आणि जंतुनाशकाचा वापर हवा. प्रतिजैविके पशुवैद्याच्या सल्ल्याने दिली जातात. लेप्टोस्पायराच्या पोमोना या प्रकाराविरुद्धची घोड्यांची लस अमेरिकेत 2015 मध्ये आली. इतर प्रकारांपासून तिचे संरक्षण गृहीत धरता येत नाही. त्यामुळे लस उपलब्ध असली तरी स्वच्छतेची जबाबदारी टळत नाही.

रोग माणसालाही होतो, म्हणून आणखी एक मतभेद पुढे येतो. तत्त्वज्ञ कांटच्या मते प्राण्यांविषयीचे कर्तव्य अखेर माणसांविषयीचेच असते. माणसांना असलेला धोका खराच आहे: जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. पाणी सर्वांचे एकच असल्याने मोतद्दाराची काळजी आणि घोड्याची काळजी बहुधा एकाच उपायाने साधते. मात्र मोतद्दाराला गमबूट आणि प्रतिबंधक गोळ्या मिळाल्या की त्याच्या संरक्षणाची बरीच सोय होते. घोडा त्याच चिखलात उभा असतो. केवळ माणसासाठी पाळलेले कर्तव्य इथे अपुरे पडते. प्रमादाचा निकष घोड्यापर्यंतही पोहोचतो.

त्याच निकषाने दोषाची मर्यादाही ठरते. पूर आला, रानटी प्राण्यांनी पाणी दूषित केले, सर्व दक्षता घेऊनही घोड्याची दृष्टी गेली, तर सांभाळणाऱ्यावर हिंसेचा ठपका येत नाही. त्यानंतरचे कर्तव्य उपचाराचे, आणि आंधळ्या झालेल्या प्राण्याला न टाकण्याचे.