दाराबाहेर उभे राहणे

शास्त्रपाठ : अनुवाद २४:१०-११, प्रकटीकरण ३:२०



मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. शेजाऱ्याला उसने दिले, तर गहाण घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, त्यानेच ते आणून द्यावे. देणाऱ्याचा हक्क खरा होता, तरी उंबरठा घेणाऱ्याचाच राहिला.

ही आज्ञा आम्हांला ग्वाल्हेरला उमगली. येथे मराठी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली. कोणी लष्कर भागात, कोणी मुरारला. म्हणून नावे व फोन नंबरांची यादी आम्ही जिवापाड जपतो. एका भगिनीने आम्हांपाशी आपले दुखणे सांगून प्रार्थना मागितली. आम्ही प्रेमापोटीच ते तिच्या नावानिशी सर्वांच्या फोनवर पाठविले. संध्याकाळपर्यंत तिच्या कचेरीतही ते कळले. पुढे कित्येक रविवार तिची जागा रिकामी होती. आम्ही प्रार्थना केली. पण तिला विचारले नव्हते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. दिलेली संमती परत घेता येते, हे त्यात मानले आहे. पण आपण कायद्याची वाट का पाहावी? विश्वासू मनुष्य गुप्त गोष्ट झाकून ठेवतो, असे नीतिसूत्रे ११:१३ शिकविते. आणि पहाटे उठून मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापासारखा गणला जातो, हे २७:१४ मध्ये आहे. रोज पहाटे सर्वांना वचने पाठविणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे!

नंबर ज्या कामासाठी घेतला, त्याच कामासाठी वापरा. रविवार शाळेच्या शिक्षकांनो, मुलांचे फोटो पाठविण्यापूर्वी आईबापांना विचारा. कोणी “मला पाठवू नका” म्हटले, तर त्याच दिवशी नाव काढा. त्याचा विश्वास थंडावला असे समजू नका.

कोणी म्हणेल, मेंढपाळाने हरवलेले मेंढरू शोधू नये काय? अवश्य शोधावे. पण ज्याने आपल्याला शोधिले, तो प्रभूही दाराशी उभा राहून ठोकतो. दार मोडीत नाही.

आम्ही त्या भगिनीकडे क्षमा मागावयास गेलो आणि दाराबाहेर उभे राहिलो. तिने “आत या” म्हटले, तेव्हाच आत गेलो.

असे थांबण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.