अपरिग्रह आणि सामाईक चार्जर

अपरिग्रह हे मनाचं व्रत, वस्तूंच्या घडणीशी त्याचा काय संबंध, असं आपण मानतो. मला ते अपुरं वाटतं. प्रत्येक यंत्राची पिन वेगळी होती तेव्हा निर्मोही माणसालाही चार्जरांचा गुंता बाळगावाच लागे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना यूएसबी-सी सक्तीचं केलं. ही पिन उलटसुलट कशीही बसते. तिचा डॉक, म्हणजे सगळी यंत्रं लावायचा सामाईक चार्जर, आधी ५ व्होल्टच देतो, यंत्राने मागितलं आणि डॉकला झेपत असलं तरच वाढवतो; म्हणून एकच डॉक वेगवेगळ्या यंत्रांना चालतो. कायद्याने लादलेला त्याग हा त्याग नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण इथे कायदा त्याग लादत नाही, संग्रहाची सक्ती तेवढी काढून घेतो. एका डॉकवर घरातल्या सगळ्यांचं भागत असूनही कुणी खणभर चार्जर जमवले, तर तो मोह आता सर्वस्वी त्याचा. व्रताचा प्रश्न त्याला तिथून पुढेच विचारता येतो.