शॉकअप आणि सोशिकपणा

सोशिक माणसाचं कौतुक करावं की त्याची चौकशी करावी, हा प्रश्न मला अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगनं घातला. सरळ रस्ता, दोन गाड्या आणि पाव मैल. म्हणजे जेमतेम ४०२ मीटर. एवढ्यासाठी आपण रिक्षासुद्धा करत नाही. (रिक्षावालाच येत नाही, हे खरं कारण.) तिकडे मात्र १९५१ पासून या खेळाची रीतसर संघटना आहे.

निम्मा निकाल गाडी सुटतानाच लागतो, आणि तिथं महत्त्व मागच्या शॉकअपना. चांगल्या शॉकअपला दोन खुंट्या असतात. दबताना किती अडायचं हे एक ठरवते, उघडताना किती हे दुसरी. गाडी सुटली की नाक वर होतं, भार मागं येतो. मागची जुळणी नीट असेल तर बूड उचललं जातं आणि चाक रस्त्यावर दाबलं जातं. उघडण्याची खुंटी फार सैल असली, तर चाकाला एकदम दणका बसतो. ते क्षणभर रस्ता धरतं आणि सोडतं, नव्या वर्षाच्या संकल्पासारखं. फार आवळली, तर दाब वेळेवर पोचत नाही आणि चाक जागच्या जागी धूर काढतं. म्हणून जाणता मेकॅनिक एका वेळी एकच खुंटी, एखाद-दोन 'कट्' आवाजांइतकी फिरवतो, गाडी पळवून बघतो, वहीत टिपतो. उन्हानं रस्ता तापला की पुन्हा फिरवतो. सगळ्यात जोरकस 'टॉप फ्युएल' गाड्यांना मात्र मागं शॉकअपच नसतात. असे साहेब मी पाहिले आहेत.

पण मी अडकलो तो तेलापाशी. शॉकअप धक्का गिळतो म्हणतात. गिळलेला धक्का जातो कुठं? स्प्रिंग आपला धक्का परत करते. शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. तो तापतो, गाडी शांत राहते.

आमच्या एकत्र कुटुंबाचे धक्के तीस वर्षं वहिनींनी गिळले. 'वहिनी म्हणजे शांत!' असं घरादाराचं मत. खुंटी फिरवणं सोडाच, हात लावून कुणी ताप पाहिलेला नाही. एकानं तापायचं, बाकीच्यांनी गार राहायचं आणि वर त्याला सद्गुण म्हणायचं! बँकेत सगळ्यांचे खर्च असे एकाच्याच खात्याला नावे टाकले असते, तर ऑडिटरनं पहिल्याच वर्षी विचारलं असतं.

हे सगळं वहिनींना सांगितलं. पोळी लाटता लाटता त्यांनी विचारलं, "भावोजी, त्या खुंट्या असतात कुठं?"

"बहुतेक तळाशी. बाहेरून हात पोचतो."

"गाडीचं बरं असतं," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या पानात तिसरी पोळी वाढली.