गव्हाचा कण

जुन्नर-आंबेगावात आलेल्या पाहुण्याला मासवडी खाल्ल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. बेसनाची उकड, आत तीळ, सुकं खोबरं, लसणाचं सारण, वर झणझणीत रस्सा आणि शेजारी बाजरीची भाकरी. या ताटात गहू कुठेच नाही. सीलिॲक या आजाराच्या रुग्णाला वाटावं, हे जेवण आपल्यासाठीच रांधलंय. तरीही पहिला घास घेण्याआधी त्याला चार प्रश्न विचारावे लागतात.

गहू आणि जव यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी आतली लव झिजते. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खंगली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता, तो इथे पक्का झाला. आजही उपाय एकच, ग्लुटेन जन्मभर बंद. आपल्याकडच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे चपातीचा तुकडा सोडाच, परातीच्या काठाला राहिलेली कणीकही नडते. काहींना लगेच त्रास होतो, काहींना काहीच जाणवत नाही, आणि आतली झीज चालूच राहते. म्हणून ‘एकदा खाऊन काय होतंय’ हा प्रेमाचा आग्रह मला फार काळजीचा वाटतो.

गहू लपतो तरी कुठे? बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, आणि हिंग तर रोजच्या फोडणीत. पापडाबरोबर येणारी पांढरी कुरडई गव्हाच्या चिकाची. थालीपिठाच्या भाजणीत गहू. गिरणीत आधी गहू दळला असेल तर मागून आलेल्या बाजरीत त्याचं पीठ उतरतं. तळणाच्या कढईत सकाळी पुऱ्या निघालेल्या असतात. हॉटेलच्या गल्ल्यावर विचारून हे कळत नाही. ‘मावशी, भाकरीत गव्हाचं पीठ घालता का? परात, तवा वेगळा आहे का?’ हे भाकरी थापणाऱ्या बाईलाच विचारायला हवं, तेही गर्दीच्या आधी, तिला उत्तर द्यायला उसंत असताना.

असे प्रश्न विचारणाऱ्याकडे आपण नखरेल म्हणून पाहतो. पण उपवास धरलेल्या माणसाने ‘खिचडीला पळी वेगळी घ्या’ म्हटलं, तर कोणी भुवया उंचावत नाही. आपल्या आयाबायांनी एकादशीला भांडी निराळी घासली, तेल निराळं काढलं, वरईला दुसरा हात लागू दिला नाही. एका अन्नाचा अंश दुसऱ्यात जाऊ न देण्याची ही शिस्त आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. देवासाठी जे सहज होतं ते आजारी लेकरासाठीही व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ओझरला, लेण्याद्रीला देवदर्शनाला येणाऱ्या कुटुंबांत असं एखादं मूल असेलच. कोणी हातावर शिरा ठेवला तर नाही कसं म्हणायचं, हे त्याला कळत नाही. शिरा रव्याचा, रवा गव्हाचा. चारचौघांत त्याला अवघडायला लावण्यापेक्षा आजीनेच तो प्रसाद घ्यावा, कपाळाला लावावा आणि त्याला नारळाचा तुकडा द्यावा.

प्रवासाला निघताना घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधलेली बरी. हॉटेलवाल्यांनी अशा पाहुण्याला आपली भाकरी आपल्या टेबलावर खाऊ द्यावी, बाहेरचं चालणार नाही ही पाटी त्याच्यापुरती दूर ठेवावी. आणि एखादी मावशी तवा खाली ठेवून सरळ म्हणाली, ‘नको बाळा, आमच्याकडं सगळं एकाच परातीत मळतात,’ तर तिचे आभार मानावेत. इतकं खरं उत्तर या रुग्णांना क्वचितच मिळतं.